मूळ संहितेपासून

लिनक्स-सीएनसी ही मुक्त यंत्रनियंत्रण-प्रणाली, जिचे मूळ अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेत १९९० च्या दशकात रुजले आणि जिने २०११ मध्ये आजचे हे नाव धारण केले, तयार स्वरूपात सहज उपलब्ध असतानाही मूळ संहितेपासून बांधावयास मी आज बसलो, तो तिच्या अंतरंगाचा परिचय व्हावा या एकाच उत्कंठेने. ‘कॉन्फिगर’ ही आज्ञा दक्ष कारकुनासारखी एकेका लायब्ररीची हजेरी घेते आणि आवश्यक अशी एकही गैरहजर आढळली की सारे काम तहकूब करते. प्रत्यक्ष बांधणी करणाऱ्या ‘मेक’ या आज्ञेच्या लांबलचक त्रुटिसंदेशांत खरी तक्रार बहुधा सर्वांत वरची असते, पुढचा सारा आक्रोश तिचाच परिणाम; म्हणून वाचन वरून खाली करावे, हे मला फार मोलाचे वाटते. बांधणी निर्वेध पार पडली तरी ‘मेक सेटयूआयडी’ ही आज्ञा द्यावयाची राहिली, तर प्रणालीला प्रत्यक्ष हार्डवेअर हाताळण्याचा अखत्यारच मिळत नाही. त्यानंतर विलंबाची चाचणी. यंत्राच्या हालचालींचे नियंत्रण करणारा प्रणालीतला सर्वो-थ्रेड सामान्यतः दर मिलिसेकंदाला जागा व्हावा लागतो. ही वक्तशीरता पारखण्यासाठी मी खिडक्या भराभर उघडल्या, मोठ्या फायली हलविल्या, आणि नॅनोसेकंदांतला कमाल विलंबाचा आकडा कोठे स्थिरावतो ते एकाग्रतेने पाहत राहिलो. यंत्राच्या मोटारी जोडावयाच्या त्या यानंतरच.