कुंभार्ली घाटात गाडी रुसली तेव्हा

मैत्रिणींनो, चिपळूणहून कऱ्हाडला जाणारा कुंभार्ली घाट तुम्ही कधी चढलात का? पावसाळा सरला की जरूर जा. पोफळी मागे पडली की रस्ता वळणं घेत वर चढू लागतो. एका अंगाला काळा कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, आणि कठड्यावर पंगतीला बसावीत तशी माकडं! आम्ही मात्र गेल्या मार्गशीर्षात हा घाट पाहिला तो गाडीचं बॉनेट उघडून, रस्त्याच्या कडेला उभं राहून.

नणंदेच्या लेकीचं डोहाळजेवण होतं. आमची गाडी अठरा वर्षांची. महिनाभर तिच्या रेडिएटरमधलं पाणी कमी व्हायचं, पण खाली थेंब दिसायचा नाही. मागून पांढरा धूर यायचा. ‘थंडीचा असेल’ म्हणून आम्ही सोडून दिलं. चौथ्या वळणावर काटा लाल रेघेला टेकला. हे रेडिएटरचं टोपण उघडायला धावले. मी हातच धरला. वाफ कोंडलेला कुकर आपण कधी उघडतो का?

एक ट्रकवाले दादा थांबले. इंजिन निवल्यावर त्यांनी ऑइलचं टोपण काढून दाखवलं. आत दुधाळ चहासारखा फेस! “वहिनी, हेड गॅस्केट गेलेलं दिसतंय.”

इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचं हेड यांच्यामध्ये ही पातळ चकती असते. पेटलेला वायू, ऑइल आणि पाणी यांना ती आपापल्या वाटेनं ठेवते. ती फुटली की सगळ्यांची मिसळ होते. ऑइलमध्ये पाणी शिरलं की आतली बेअरिंग झिजतात, आणि तापून हेड वाकलं तर खर्च कितीतरी वाढतो.

ह्यांचं म्हणणं, “पाणी ओतत ओतत कऱ्हाड गाठू.” मी म्हटलं, “आहेर एस.टी.तूनही पोचेल.” शेवटी गाडी टोचन करून चिपळूणला धाडली आणि आम्ही एस.टी.त बसलो. खरं सांगू, खिडकीतून घाट जास्त छान दिसतो! वर कोयनेचा शिवाजीसागर. त्याचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरतं, पोफळीला वीज करतं आणि वाशिष्ठीला मिळतं. पाणी आपल्या वाटेनं गेलं तर केवढं काम करतं, असं मनात आलंच.

परतल्यावर मेकॅनिकनं सिलिंडरमधला दाब मोजून खात्री केली आणि खर्च सांगितला. आकडा ऐकून हे गप्पच झाले. एका ओळखीच्यांनी युक्ती सांगितली, “गळती बंद करणारी पूड टाका. काही दिवस चालेल, तेवढ्यात विकून मोकळे व्हा.”

रात्रभर झोप आली नाही. पैसे वाचणार होते, खोटं कशाला सांगू? पण ती गाडी घेणारंही आपल्यासारखंच कुणीतरी असणार. त्याची बायको-मुलं त्याच वळणावर उभी राहिली तर? सकाळी ह्यांना म्हटलं, “विकायची तर दोष सांगून विकू. नाहीतर नीट करू.” दोष सांगितल्यावर भाव अगदीच पडला. मेकॅनिक म्हणाला, बाकी इंजिन धड आहे. मग फ्रीजसाठी साठवलेले भिशीचे पैसे मी काढून दिले.

तुमच्यावर वेळ आली तर एवढं लक्षात ठेवा. काटा चढला की एसी बंद करा, जागा बघून थांबा, गाडी पुढे रेटू नका. नुसतं नवं गॅस्केट घालून भागत नाही. हेड सपाट आहे का ते पट्टी लावून तपासायला सांगा. वाकलं असेल तर फेसिंग करून घ्या, नाहीतर नवंही जातं. ऑइल बदलायला विसरू नका. आणि बाकी इंजिनच थकलं असेल, तर मात्र खर्च करण्याआधी दोनदा विचार करा.

बारशाला आम्ही त्याच गाडीनं घाट चढलो. चौथ्या वळणावर मी काट्याकडे पाहत होते, आणि हे माझ्याकडे. काटा हलला नाही. फ्रीज काय, पुढच्या दिवाळीला येईल!