पत्र्यावर पाणी

अहेरी, जुलै. इकडे पावसाला पाणी म्हणतात. अहेरीपासून आत, एका आश्रमशाळेत दुसरीच्या वर्गात मागे बसलो होतो. गुरुजी धडा वाचून दाखवत होते, तेवढ्यात पाणी आला. आधी चार टपोरे थेंब, मग पत्र्यावर कुणी मुरूम ओतावा तसा आवाज. गुरुजींचे ओठ हलताना दिसत होते, एवढंच. दोनेक मिनिटं त्यांनी घसा ताणला, मग खडू ठेवून दारात जाऊन उभे राहिले. मी जवळ गेलो तर कानाशी ओरडून म्हणाले, "पाणी आला का असंच राह्यते, सर. जुलै-ऑगस्ट अर्धा असाच जाते."

ही खोली मीच काढलेली. नकाशात उजेड होता, वारा होता, उतार बरोबर होता. आवाज नकाशात दिसत नाही.

०

नागपूरहून एका मुलीचा फोन. आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. "सर, आर्किटेक्चर, मेंदूविज्ञान आणि शिक्षण, तिन्ही मिळून करिअर करायचंय. याला स्कोप आहे का?" म्हटलं, पाणी थांबला की फोन करतो. तिला ती टाळाटाळ वाटली असणार.

०

या विषयाची एक आवडती गोष्ट आहे. पोलिओच्या लशीवर काम करता करता थकलेले जोनास साल्क इटलीत असिसीच्या मठात जाऊन राहिले, तिथल्या कमानींखाली त्यांचं डोकं मोकळं झालं. पुढे कॅलिफोर्नियात संस्था उभारताना त्यांनी लुई कान यांच्याकडून तसंच काहीतरी बांधून घेतलं. इमारत १९६५ मध्ये झाली. मेंदूविज्ञान आणि वास्तुकला एकत्र आणणारी अकादमी २००३ मध्ये सॅन दिएगोत निघाली, तिथेही ही गोष्ट सांगतात. सुंदर आहे, पण तपासायची कशी? मला न्यूयॉर्कची शाळा जास्त पटते.

०

न्यूयॉर्कच्या त्या शाळेच्या एका अंगाने उंचावरून रेल्वे जायची. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यासोबत रुळांकडच्या वर्गांची आणि पलीकडच्या शांत वर्गांची मुलं वाचनात ताडून पाहिली. निष्कर्ष १९७५ मध्ये छापला: रुळांकडची सहावीची मुलं जवळजवळ वर्षभर मागे. बाई तिथे थांबल्या नाहीत. पाठपुरावा झाला, रुळांखाली रबराच्या गाद्या आल्या, वर्गांना आवाज शोषणारी छतं आली. १९८१ च्या अभ्यासात दोन्ही बाजूंची मुलं सारखी निघाली. गाद्या आणि छत, बस्स. अभ्यासक्रमाला कुणी हात लावला नव्हता.

०

पण आमच्या वर्गात आणखी एक गाठ आहे, आणि ती नीट उलगडून लिहायला हवी.

मेंदू नुसता ऐकत नाही, गाळलेल्या जागा भरत असतो. रिचर्ड वॉरेन यांनी १९७० मध्ये एका वाक्यातला एक ध्वनी कापून तिथे खोकला बसवला. ऐकणाऱ्यांना शब्द पूर्णच ऐकू आला. काय गहाळ आहे ते सांगता येईना. मलाही गोंगाटात 'झा...खाली' एवढंच आलं तरी मी 'झाडाखाली' ऐकतो, कारण 'झाडाखाली' माझ्याकडे आधीपासून आहे.

दुसरीतल्या एका पोराच्या घरी माडिया बोलतात. शेजारचा तेलुगू. मराठी त्याला शाळेत भेटली. त्याच्याकडे 'झाडाखाली' अजून पुरता यायचाय, मग खोकल्याच्या जागी तो काय भरणार? लहान मुलांना नीट समजायला शिक्षकाचा आवाज गोंगाटापेक्षा पंधरा डेसिबलने वर हवा, असं ध्वनीवाले सांगतात. परक्या भाषेत शिकणाऱ्याला त्याहून जास्त. म्हणजे एकाच पत्र्याखाली घरी मराठी बोलणारा गुरुजींचा मुलगा आणि हा मुलगा वेगवेगळा तास ऐकतात. शेरा मात्र एकच पडतो: 'लक्ष नसते.'

छत माझं काम, कान मेंदूवाल्याचं, भाषा शिक्षणवाल्याची. तिघांना वेगवेगळं बोलावलं असतं तर तिघांनीही आपापलं काम चोख असल्याचं लिहून दिलं असतं.

०

उपाय. बुरुडाकडून बांबूच्या तट्ट्या आणल्या, पत्र्याखाली वीतभर जागा सोडून ठोकल्या. वर तणस पसरली. आवाज बराच पडला, मी खूश. पंधरा दिवसांत तणशीत उंदीर आले आणि उंदरांमागे धामण. भर तासाला ती तट्टीच्या फटीतून खाली लोंबली. वर्ग एका मिनिटात रिकामा, आणि यात मेंदूविज्ञान समजावून सांगण्यासारखं काही नाही.

मग शाळेतल्या स्वयंपाकीण मावशी म्हणाल्या, "कुडाच्या भिंतीले लिपते तसं लिपून द्या ना वरून." तणस काढली, तट्टीला वरून दोन बोटं माती-शेण लिपलं, फटी बुजल्या. वजन आलं की आवाज अडतो, हे मी कॉलेजात शिकलो होतो. मावशींच्या घरी ते भिंतीवर होतं.

०

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला यापुढचं पाऊल टाकलं: मुलं गुरं घेऊन कुरणात जातात तर शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. भिंत नाही, पत्रा नाही. अंगणवाडीचं मूळही तिथलंच, मूल येत नसेल तर आपण त्याच्या अंगणात जायचं. आर्किटेक्टला हे पचवणं अवघड. आमची फी बांधकामाच्या टक्क्यांवर असते.

०

जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये उंदराच्या मेंदूत अशा पेशी दाखवल्या ज्या उंदीर विशिष्ट जागी आला कीच पेटतात. २०१४ चं नोबेल त्यांना मोझर दांपत्यासोबत मिळालं. डोक्यातला हा नकाशा पाहावा म्हणून पाचवीच्या मुलांना म्हटलं, घरापासून शाळेपर्यंत नकाशा काढा. नाला, मोहाची दोन झाडं, गोटूल, पुन्हा नाला, वळण, सगळं जागच्या जागी. शाळा आली तिथे एक चौकोन. आत काहीच नाही. वर्ष काढलंय त्यांनी त्या चौकोनात.

०

रात्री नऊ. दिवसाचा वर्ग आता झोपायची खोली. दिवसा शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो, म्हणून रात्रीची ही खोलीही वर्गच धरावी लागते. खिडकीच्या जाळीला मुठीएवढं भोक. राज्यात मलेरिया जास्त असलेल्या जिल्ह्यांतला हा एक, त्यात फाल्सिपेरम हा प्रकार मेंदूपर्यंत जाणारा. त्यातून वाचलेल्या काही मुलांच्या स्मरणावर, लक्षावर खूण राहते. मेंदूस्नेही वास्तू म्हणून छापील मासिकांत येतं ते लाकूड, वळणदार भिंती, हिरवी बाग. इथे आधी जाळी. सुतळीने शिवली, उद्या नवी.

०

नागपूरच्या त्या मुलीला फोन केला. सांगितलं ते असं. डिग्री आर्किटेक्चरची पुरी कर. १९७२ च्या कायद्याने नोंदणी झाल्याशिवाय आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही, आणि न्यूरो लावून कुणी वेगळा परवाना देत नाही. व्हेनिसच्या विद्यापीठात या विषयाचा अभ्यासक्रम आहे, पैसे असतील तर जा. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र जवळ आहे, तिथे संशोधन करता येतं. दिल्लीच्या कबीर वाजपेयींनी इमारतच शिकण्याचं साधन करण्याचं काम केलंय, दाराखाली कोनमापक, जिन्यावर आकडे, ते पाहा. पगाराचं विचारलंस तर पगार यातल्या एकाच कामाचा मिळतो, बाकीची दोन आपल्या वेळात.

"आणि सर, सुरुवात कुठून करू?"

ऑगस्टात ये म्हटलं. आलापल्लीपर्यंत बस आहे, पुढचं मी बघतो. वही आण, दुसरीच्या वर्गात मागे बस, आणि पाण्यात गुरुजींचे किती शब्द पोचतात ते मोज. एक खोली लिपून झाली आहे, दोन तशाच आहेत. अंदाजपत्रकात 'छत' पूर्ण दाखवलंय. छताखाली लिपायला त्यात रकाना नाही.