पाठीचा वारसा

वारसा केवळ घरादाराचा नसतो. बसण्या-उठण्याच्या सवयीही पिढ्यांमागून चालत येतात. पेढीवर ४० वर्षे खातेवही लिहून वडिलांची पाठ इतकी वाकली, की अखेरीस समोरच्याचा चेहरा पाहण्यास त्यांना मान तिरकी करावी लागे. पन्नाशीनंतर माझेही खांदे पुढे झुकू लागले, तेव्हा मनात धास्ती बसली.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी कारण उलगडून सांगितले. मस्तकाचे वजन सुमारे ५ किलो. ते पुढे झुकले की मानेच्या स्नायूंवरील भार वाढतो. सतत वाकून बसल्याने छातीचे स्नायू आखडतात, तर खांद्यांच्या पात्यांमधले दुबळे होतात. म्हणूनच ‘ताठ बसा’ एवढे बजावून भागत नाही. आखडलेले सैल करावे लागते आणि दुबळे सबळ.

रोज सकाळी दाराच्या चौकटीला हात टेकवून, एक पाऊल पुढे टाकून मी छाती ताणतो. ३० सेकंद, तीन वेळा. मग भिंतीला पाठ लावून हनुवटी मागे घेणे, खांद्यांची पाती जवळ आणून ५ सेकंद धरणे, शेवटी भुजंगासन व सेतुबंधासन. वेदना होईल इतका ताण देऊ नये. हाडे ठिसूळ असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा.

चार महिन्यांनंतर आता सामायिकाच्या ४८ मिनिटांत पाठ भिंतीचा आधार शोधीत नाही. मुलाचा सारा दिवस संगणकापुढे जातो. सकाळी त्या चौकटीत माझ्यानंतर त्याची पाळी असते.