शब्द कोठें तोडावा?

हिंजवडीच्या संगणक-कंपन्यांत नोकरी शोधणारे तरुण आमच्या रहाटणींत पुष्कळ आहेत. त्यांना मुलाखतींत एक कोडें घालतात: मध्यें जागा न सोडतां लिहिलेली अक्षरांची ओळ व शब्दांचा एक कोश दिला असतां, ती ओळ कोशांतील शब्दांत तोडतां येते कीं नाहीं, हें यंत्रानें झटपट कसें सांगावें?

मोडी वाचणाऱ्यास हें कोडें नवें नाहीं. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील कागद असेच आहेत. आधीं आडवी रेघ ओढावयाची, मग तिला अक्षरें लटकवीत जावयाचें. शब्द कोठें संपला हें लिहिणारा सांगत नाहीं.

‘तोतयारझाला’ ही ओळ घ्या. उतावळा वाचक लांबांत लांब शब्द उचलतो: ‘तोतया’. (१७७६ सालीं भाऊसाहेबांच्या तोतयास देहान्त शासन झालें; तेव्हां त्या काळच्या कागदांत या शब्दाचा मोह पडणें साहजिकच.) पुढें ‘रझाला’ उरतें आणि गाडें अडतें. सगळ्या तऱ्हा करून पाहाव्या, तर सहा अक्षरांमधील पांच फटींच्या ३२ तऱ्हा होतात. एकवीस अक्षरांच्या १०,४८,५७६!

युक्ति अशी कीं, डावीकडून प्रत्येक अक्षरापाशीं थांबून ‘येथवर ओळ सुटते काय?’ एवढेंच विचारावें व उत्तर टिपून ठेवावें. ‘तो’पाशीं होय, ‘तोतया’पाशींही होय. ‘तोतयार’पाशीं आल्यावर पहिल्या ‘होय’ला ‘तयार’ जोडतां येतो, आणि तेथून ‘झाला’. एकदां मिळालेलें उत्तर पुन्हां शोधावयाचें नाहीं. मग एकवीस अक्षरांस फार तर २३१ तुकडे कोशांत पाहावे लागतात. अमेरिकन गणिती रिचर्ड बेलमन यांनीं १९५० च्या दशकांत या पद्धतीस ‘डायनॅमिक प्रोग्रॅमिंग’ असें भारदस्त नांव दिलें. मागील पानाची बाकी पुढें ओढणारा आमचा कारकून याहून निराळें काय करतो?

परंतु समजा, एखाद्या दानपत्रांत ‘शेतेतीनदिली’ असें आलें. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा नसतो, अनुस्वारही पुष्कळदां गळतो. तेव्हां ‘शेतें तीन दिलीं’ असें वाचावें, कीं ‘शेतें तीं न दिलीं’ असें? यंत्र दोहोंसही होय म्हणेल, व कोशापुरतें तें बरोबरच आहे. एका वाचनानें वारसाच्या पदरीं तीन शेतें पडतात, दुसऱ्यानें एकही नाहीं. निवाडा करावयाचा तर ओळीबाहेर जावें लागतें: वर चतुःसीमा किती शेतांच्या सांगितल्या आहेत, आणि खालीं सारा कितींचा धरला आहे.