मेढ्याच्या थांब्यावर सैल राहिलेली गाठ

मोटारसायकल आता कुणाच्या दारात नाही? दुधाचे कॅन, खताचे पोते, पाण्याची मोटार, प्रसंगी एखादी शेळीसुद्धा तिच्यावर बसून गावाला जाते. तालुक्याच्या बाजारापर्यंतच्या वीस-पंचवीस किलोमीटरात सामान कसेही बांधले तरी निभावून जाते. पण पल्ला लांबचा असला आणि मध्ये घाट असला, की तसे निभावत नाही. हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले, आणि त्याची किंमत आमच्या सौभाग्यवतींच्या मनगटाने मोजली.

झाले असे. आमची मुलगी दापोलीला कोकण कृषी विद्यापीठात बी.एस्सी. ॲग्रीला होती. दिवाळीची सुटी संपवून ती एस.टी.ने पुढे गेली, आणि तिच्यासाठी शिवायला घेतलेली गोधडी मागे राहिली. ती द्यायची, लेकीचे वसतिगृह बघायचे, म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये आम्ही दोघे फलटणहून मोटारसायकलने निघालो. आदर्की, वाठार स्टेशन, सातारा, मेढा, महाबळेश्वर, पोलादपूर, खेड आणि दापोली, असा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. एस.टी.ने जा, असे सगळे सांगत होते. पण मला घाट बघत जायची हौस!

मेढ्याला चहाला थांबलो. वेण्णेकाठचे हे जावळी तालुक्याचे गाव. भाताची कापणी उरकली होती आणि हवेत पेंढ्याचा वास होता. पुढे केळघरचा घाट आणि महाबळेश्वरची थंडी, म्हणून गोधडीच्या बोचक्यातून स्वेटर काढले आणि बोचके पुन्हा बांधायला घेतले. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. आमच्याकडच्या एका शेतकऱ्याच्या मक्यावर लष्करी अळी आली होती. फोन खांद्याने कानाशी धरून मी पोंगा कसा तपासायचा ते सांगत होतो आणि हाताने दोरी आवळत होतो. सल्ला बरोबर दिला. गाठ मात्र सैल राहिली, आणि दोरीचे हातभर शेपूट तसेच लोंबत राहिले.

केळघर सोडले आणि चढाच्या वळणावर ते शेपूट मागच्या चाकाच्या आऱ्यांत गेले. चाक जागच्या जागी आवळले. चढ असल्यामुळे वेग कमी होता, आणि आम्ही डोंगराच्या बाजूला पडलो, दरीच्या नव्हे. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट होते. मला खरचटण्यावर भागले, पण सौ. हातावर पडल्या आणि मनगटाचे हाड मोडले. मागून आलेल्या जीपवाल्याने काही न विचारता आम्हाला उचलून मेढ्याला परत आणले. त्या वेळी दापोली राहिलीच. गोधडी पुढे एस.टी.ने गेली, एका कोपऱ्यात फाटलेली.

सहा आठवडे प्लास्टर होते. त्या दिवसांत सौ. एकदाच बोलल्या, पण ते माझ्या मनात बसले. "अहो, बैल जुंपताना तुमचे वडील शिवळा आणि जुपण्या चाचपल्याशिवाय गाडीवर पाय ठेवत नव्हते. तुम्ही पदवी घेतली आणि तेवढेच विसरलात." यावर मी काय बोलणार?

पुढच्या वर्षी, डिसेंबर २०२३ मध्ये, त्यांनीच विषय काढला. जायचे तर त्याच रस्त्याने, पण सामान त्या लावणार. मग स्वयंपाकघरातल्या मांडणीवर डबे लावावेत तसे सामान लागले. रोज लागते ते हाताशी, सणाला लागते ते तळाला. पाणी, गूळ-शेंगदाणे, सुटे पैसे, औषधाच्या गोळ्या आणि गाडीचे कागद एका गळ्यातल्या पिशवीत. स्वेटर आणि पंचा वेगळ्या पिशवीत, म्हणजे त्यासाठी मोठे बोचके सोडायचे कारणच उरले नाही. कपडे आणि लेकीचा खाऊ दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत, दोन्हीकडे वजन सारखे. दोरीला रजा दिली आणि जुन्या ट्यूबच्या पट्ट्या वापरल्या. त्या ताणून बसतात, फक्त उन्हाने चिरल्या नाहीत ना ते बघावे लागते. टोक चार बोटांपेक्षा लांब उरले तर ते आत खोचायचे.

थांब्यावरची शिस्तही ठरली. गाडी वळणावर किंवा उतारावर लावायची नाही, पक्क्या सपाट जागी मेन स्टँडवर घ्यायची. किल्ली नेहमी डाव्या खिशात, आणि खिशाला बटण. हातमोजे हेल्मेटच्या आत. पिशवीतून जे जे निघेल ते पंचा अंथरून त्याच्यावरच ठेवायचे, गवतावर नाही, कट्ट्यावर नाही, गाडीच्या सीटवर तर नाहीच. निघताना पंचा उचलून झटकायचा. पंच्यावर काही उरले नाही म्हणजे मागे काही राहिले नाही! ही युक्ती मला फार आवडली. यापूर्वी मी रस्तोरस्ती दोन चष्मे, एक डायरी आणि मातीपरीक्षणाच्या नमुन्यांची एक पिशवी दान केलेली आहे.

आणि फोन? फोन घ्यायचा तो गाडीपासून दहा पावले लांब जाऊन. त्या वेळी हातात पट्टी, किल्ली, काही नको.

तर मंडळी, या खेपेला मेढा सुखरूप ओलांडले. पडलो होतो ते वळण आले तेव्हा सौ.नी माझा खांदा जरा घट्ट धरला, बोललो कोणीच नाही. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीचे मळे फळाला आले होते. इथल्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. गादीवाफे, त्यावर प्लास्टिकचे आच्छादन, खालून ठिबकच्या नळ्या, असे काम बघितले की माझा पाय तिथून निघत नाही. इकडे मी एका मळेवाल्याशी बोलत उभा आणि तिकडे एका वानराची नजर आमच्या खाऊच्या पिशवीवर. पिशवी गाडीवर नव्हती, सौ.च्या गळ्यात होती, म्हणून वाचली. बाजूच्या एका मोटारीतल्या मंडळींची बिस्किटे मात्र झाडावर गेली.

पुढे आंबेनळी घाट. सावित्रीच्या खोऱ्यात उतरणारा हा रस्ता बघण्यासारखा आहे, पण बघायचा तो गाडी थांबवून. खालच्या गिअरमध्ये उतरावे, सारखा ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो. प्रतापगडच्या फाट्याजवळ कुंभरोशीला आम्ही मुद्दाम थांबलो, पंचा अंथरला, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. २८ जुलै २०१८ रोजी याच घाटात, दापोलीहून महाबळेश्वरला सहलीला निघालेली कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. एकच जण वाचला. माझ्या खात्यातल्या अनेकांच्या ओळखीची माणसे त्या बसमध्ये होती. घाट उतरताना त्यांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. जेवून उठलो तेव्हा सौ. गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. प्रत्येक पट्टीवर हात फिरवला, स्वतःच्या साडीचा पदर खोचला, साडीगार्ड हलवून बघितले आणि मगच बसल्या. चार मिनिटे गेली असतील.

पोलादपूरला हवा एकदम बदलते. स्वेटर उतरवले, ते ठरल्या पिशवीत गेले. तिथून कशेडीचा घाट, खेड, आणि मग दापोलीची चढण. दापोलीला पोहोचलो तेव्हा दिवस मावळत होता. या विद्यापीठाची स्थापना १९७२ची. त्याच्याच वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेला 'रत्ना' आंबा १९८१ साली आला, तो आपल्यापैकी काहींनी बांधावर लावलाही असेल. मी अशाच गोष्टी सांगत होतो, पण लेकीचे लक्ष आईच्या मनगटावर होते. ती ते हातात घेऊन वळवून बघत होती.

मग ती खोलीत गेली आणि गोधडी घेऊन आली. फाटलेला कोपरा तिने स्वतःच शिवला होता. टाके मोठे होते, पण घट्ट होते. सौ.नी ते बोटाने ओढून बघितले आणि म्हणाल्या, "चालंल."

परतीच्या वाटेवर मेढ्याला त्याच हॉटेलात चहा घेतला. मी पट्टी ताणत असताना खिशात फोन वाजायला लागला. मी हात थांबवला. सौ. म्हणाल्या, "वाजू द्या. आधी ते पुरं करा." दहा पावले लांब जाऊन मी फोन लावला तेव्हा कळले, हरभऱ्याला पाणी कधी द्यायचे एवढेच विचारायचे होते.