फोटोंचं बिऱ्हाड

बालमित्रांनो, बिऱ्हाड हलवताना आईची लगबग तुम्ही पाहिली आहे ना? ती डबे मोजते, काचेच्या वस्तू जुन्या साड्यांत गुंडाळते आणि नव्या घरी पोचल्यावर सगळं पुन्हा मोजते. तोवर जुन्या घराची किल्ली काही ती मालकाच्या हाती देत नाही. संगणकातले फोटो दुसऱ्या संगणकात न्यायचे, तर तेही असंच मोजूनमापून न्यावे लागतात.

मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुमारास आमच्या गावातली पुष्कळ कुटुंबं ऊसतोडीला जातात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. फडाजवळच्या कोपीत अल्बम कोण सांभाळणार? मोबाइल फुटतात, हरवतात, बदलतात. त्यामुळे कित्येक मुलांचे लहानपणचे फोटो उरतात ते फक्त शाळेच्या संगणकात.

२०२३ मध्ये शाळेला नवा संगणक मिळाला. जुना इतका थकला होता, की सुरू व्हायलाच दहा मिनिटं घ्यायचा. त्याच्या पोटात २००९ पासूनचे ४३१२ फोटो होते. सातवीची चार मुलं मदतीला बसली.

पहिला नियम मी फळ्यावरच लिहिला : ‘कट’ नाही, ‘कॉपी’. ‘कट’ केलं की फोटो जुन्या जागेवरून निघून जातात. मध्येच वीज गेली तर अर्धे इकडे, अर्धे तिकडे! ‘कॉपी’ केलं की मूळ फोटो जागच्या जागी राहतात.

पेन ड्राइव्हवर फोटो सावकाश उतरत होते. मुलं कंटाळली. मग मी त्यांना स्टीव्हन सॅसन यांची गोष्ट सांगितली. या अमेरिकन इंजिनिअरने १९७५ मध्ये कोडॅक कंपनीत एक डिजिटल कॅमेरा बनवला. त्यातला एक काळा-पांढरा फोटो कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. “एकाच फोटोला?” मुलं हसली आणि पुन्हा कामाला लागली.

एक जण म्हणाला, “बाई, सगळे एकाच फोल्डरमध्ये टाकू.” लगेच संगणकाने विचारलं, या नावाची फाइल इथे आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? शाळेने दोन कॅमेरे वापरले होते आणि दोघांनीही फोटोंना एकपासूनच क्रमांक दिले होते. ‘हो’ म्हटलं असतं, तर जुना फोटो पुसला गेला असता. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, “वर्गात एका नावाच्या दोन मुली असल्या, तर एकीला बाहेर काढतात का?” झालं! आम्ही वर्षवार वेगळे फोल्डर ठेवले.

मग हजेरी. प्रत्येक फोल्डरमधले फोटो जुन्या संगणकात किती, नव्यात किती, हे वहीत लिहिलं. प्रत्येकातले काही फोटो उघडूनही पाहिले, कारण संख्या जुळली तरी एखादा फोटो बिघडलेला असू शकतो.

तारखेचीही गंमत असते. नव्या संगणकात फाइल तयार झाल्याची तारीख कॉपी केल्याच्या दिवसाची दिसते. फोटो काढल्याची तारीख कॅमेरा फोटोच्या आतच नोंदवतो. पण कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असेल, तर तीही चुकते.

त्याच आठवड्यात एक वडील शाळेत आले. त्यांची लेक नर्सिंग शिकायला शहरात गेली होती. “बाई, ती पहिलीत होती तेव्हाचा एखादा फोटो सापडंल का? घरी एकबी नाही.” आम्ही २०११ चा फोल्डर उघडला. पन्नासेक चिमुकले चेहरे, नाव एकाचंही नाही! मी तेव्हा या शाळेत नव्हते. वडीलही गोंधळले. शेवटी खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी पडद्यावर बोट ठेवलं. “ही बघा की, भावाचा सदरा घातलेली!” वडील कितीतरी वेळ त्या फोटोकडे बघत राहिले. “एवढीशी होती व्हय,” इतकंच म्हणाले.

मुलांनो, फोटो संगणकात सुखरूप होता, पण तो कुणाचा हे फक्त मावशींना ठाऊक होतं. त्या नसत्या तर? त्या दिवसापासून आम्ही एक रजिस्टर घातलं. दर शनिवारी मावशी आणि गावातली जुनी माणसं येतात, नावं सांगतात, मुलं लिहून घेतात. फोटोंची आणखी एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर कपाटात ठेवली आहे. हे सगळं झाल्यावरच जुना संगणक बंद केला.

तुमच्याही घरी मोबाइलमध्ये ढीगभर फोटो असतील. येत्या रविवारी त्यातले दहाच निवडा. आजी-आजोबांजवळ बसा आणि कोण, कुठे, केव्हा, ते विचारून वहीत लिहा. दहा झाले, की पुढच्या रविवारी आणखी दहा. लिहाल ना?