अंगणांतील लिंबोणी

छत्रपती संभाजीनगरांत औरंगपुऱ्यांतील आमच्या जुन्या घराच्या मागील अंगणांत कागदी लिंबाचें एक झाड आहे. तें मातोश्रींनीं लाविलेलें. घरांतील लोणच्याची बरणी आजवर त्याच झाडानें भरली. गेल्या श्रावणांत त्याच्या पानांवर तपकिरी, खरखरीत खवले उठले, भोंवतीं पिवळी कडा दिसूं लागली, आणि फळांच्या सालीवर देवीचे व्रण यावेत तसे व्रण आले. आमच्या धाकट्या बंधूंनीं जेवतांना ठराव मांडला : "दादा, झाड काढून टाकावें, नाहींतर शेजारचीं झाडेंहि नासतील." सौ.नीं हातांतील घांस तसाच पानांत ठेविला. त्या मौनाचा अर्थ घरांत सर्वांस कळतो.

बंधूंची नात परभणीच्या कृषि विद्यापीठांत शिकते. सुटीवर आली असतां तिनें एक पान उजेडाकडे धरलें आणि म्हणाली, "आजोबा, हा खैऱ्या. जंतूचा रोग आहे. पण झाड गप्प बसलेलें नाहीं."

या वाक्यानें आम्ही ओशाळलों. महाभारताच्या शान्तिपर्वांत भृगु भरद्वाजास वृक्षांना ऐकूं येतें, वास कळतो, असें युक्तिवादानें पटवून देतात. पस्तीस वर्षें संस्कृत शिकवितांना आम्हीं तो भाग कविकल्पना म्हणून पुढें सरकविला होता.

नातीनें सांगितलें तें असें. मनुष्याच्या देहांत रक्ताबरोबर फिरणारे शिपाई असतात. झाडास रक्तच नाहीं. म्हणून त्याच्या प्रत्येक पेशीस आपलें दार आपणच राखावें लागतें. पेशीच्या आवरणावर ग्राहक नांवाचीं प्रथिनें पहाऱ्यास बसलेलीं असतात. जंतूस पोहण्यासाठीं चाबकासारखी शेपटी लागते. तिच्यांतील अवघ्या २२ घटकांच्या तुकड्यावरून शत्रु ओळखला जातो. हें ओळखणारा ग्राहक इ. स. २००० मध्यें मोहरीच्या कुळांतील एका क्षुद्र रोपांत सांपडला. शेपटी टाकावी तर पोहणें बंद, ठेवावी तर ओळख पटते, अशी जंतूची पंचाईत! ओळख पटतांच पानावरील रंध्रें मिटतात, पेशीची भिंत जाड होते, जंतूस मारक द्रव्यें सुटतात. तरीहि शत्रु आंत शिरलाच, तर पुष्कळ वनस्पतींत बाधलेल्या पेशी आपण होऊन मरतात. पानावर एक सुका ठिपका राहतो. बाकीचें पान वांचतें.

पण जंतूहि कच्च्या गुरूचा चेला नव्हे. खैऱ्याचा जंतु सुईसारख्या नळीनें आपलीं प्रथिनें पेशींत सोडतो. त्यांपैकीं एक थेट पेशीच्या केंद्रांत जाऊन झाडाच्याच एका जनुकास जागें करतें. हें जनुक कोणतें, तें २०१४ सालीं दाखविलें गेलें. तें जागें झालें कीं पेशी फुगतात, वरची त्वचा फाटते, आणि आंतील जंतु पावसाच्या थेंबांबरोबर शेजारच्या पानांवर उडतात. वडिलांची खोटी सही करून रजेची चिठ्ठी आणणारे विद्यार्थी आम्हीं पाहिले आहेत. हा प्रकार त्याच जातीचा. हुकूम झाडाच्या हस्ताक्षरांत, लिहविणारा मात्र परका! २०१७ सालीं अमेरिकेंत ग्रेपफ्रूटच्या झाडांत तें जनुकच, व चीनमध्यें मोसंबीच्या कुळांतील झाडांत ती सही जेथें चालते ती जागा शास्त्रज्ञांनीं बदलली, तेव्हां तीं झाडें या रोगास फारशीं बधेनात. संत्र्याचें कूळ मुळांतच बरेंच दमदार. कागदी लिंबू मात्र चटकन बळी पडतें.

बंधूंचें समाधान झालें नाहीं. "दुसऱ्यांस उपद्रव नको," हें त्यांचें म्हणणें वावगें नव्हतें. तेव्हां नातीनें फ्लोरिडाची हकीकत सांगितली. तेथें रोगट झाडापासून १,९०० फुटांच्या आंतील लिंबाच्या जातीचीं सर्व झाडें, लोकांच्या परसांतील निरोगी झाडेंसुद्धां, सरकारनें तोडविलीं. लोक कोर्टांत गेले. पुढें २००४ व २००५ च्या वादळांनीं रोग इतका पसरविला कीं २००६ सालीं तो उद्योग सोडून द्यावा लागला. बंधु बराच वेळ बोलले नाहींत. मग त्यांनींच कात्री मागितली.

पावसाळ्यापूर्वीं रोगट फांद्या छाटून जाळल्या. मोरचूद व चुना यांचें बोर्डो मिश्रण फवारलें. पानें पोखरणाऱ्या नागअळीकडेहि लक्ष ठेविलें, कारण तिच्या जखमांतून जंतूस आयताच रस्ता मिळतो. (कपड्यांवर मोरचुदाचे डाग पडले, त्याबद्दल सौ.नीं जें म्हटलें तें येथें देत नाहीं.)

आतां कोंवळी पालवी आली आहे. बंधु रोज सकाळीं चष्मा लावून एकेक पान उलटून पाहतात आणि डाग दिसला कीं वहींत तारीख घालून टिपतात. आजपर्यंत तेरा पानें झालीं. झाडाचा निकाल दिवाळीनंतर लावावयाचा, असें त्यांनींच ठरविलें आहे.